रेष थरथरते, केसाळ होते, पेन घेतला की हात आखडतो: नेमकं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात-आठ महिने नियमित चित्रं काढणं सुरू आहे. वस्तू आणि चेहरे ओळखू येण्याइतपत जमतात, पण रेषा लहान लहान तुकडे जोडून काढलेल्या, केसाळ दिसतात. लांब रेष थरथरते. पेन्सिल बरी, पण पेन घेतला की हात आखडतो. 'हात मोकळा सोड' असं सगळे सांगतात, पण सोडायचा म्हणजे काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि सोडून बघितला तर चित्र बिघडतं. शेवटी एक शंकाही आहे: माझा हातच मुळात असा असेल का?

या शंकेपासून सुरुवात करू, कारण ती डोक्यात असेल तर पुढचं काही पचत नाही. हात प्रत्येकाचा थरथरतो. निरोगी माणसाच्या हातात दर सेकंदाला साधारण ८ ते १२ सूक्ष्म कंपनं असतातच. आता हिशोब करा. २० सेंमीची रेष जपून, १० सेकंद घेऊन काढली तर त्या रेषेत शंभरेक कंपनं उतरतात, म्हणजे दर दोन मिलिमीटरला एक. तीच रेष अर्ध्या सेकंदात काढली तर पाच-सहाच उतरतात आणि तीही तीन-चार सेंमीवर पसरतात, त्यामुळे डोळ्याला दिसत नाहीत. हात तोच, कंप तोच, फक्त एका रेषेने तो नोंदवून ठेवला. कप नुसता उचलताना किंवा हात स्वस्थ ठेवलेला असतानाही कंप स्पष्ट दिसत असेल, किंवा तो अलीकडे वाढला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जास्त चहा-कॉफी, अपुरी झोप आणि दम्याची काही औषधं यांनीही कंप वाढतो. यातलं काही नसेल तर हातात दोष नाही.

मग रेष थरथरते का? कारण ती कुठे जाणार हे तुम्ही ती काढता काढता ठरवता. डोळे पेनच्या टोकावर असतात. टोक जरा डावीकडे गेलं की डोळ्याला कळतं, तो हाताला सांगतो आणि हात उजवीकडे येतो. पण हा निरोप पोचायला सेकंदाचा पाचवा-सहावा भाग लागतो, तोवर टोक पुढे गेलेलं असतं. दुरुस्ती उशिरा होते आणि जास्त होते, मग उलट दिशेने पुन्हा दुरुस्ती. कागदावर जी नागमोडी दिसते ती या दुरुस्त्यांची मालिका असते. त्यावर उपाय म्हणून आपण आणखी हळू जातो, आणि दुरुस्त्यांना आणखी वाव मिळतो.

केसाळ रेषेचं मूळही हेच आहे. रेष कुठे संपणार हे माहीत नसतं, म्हणून हात एका वेळी दीड-दोन सेंमीच पुढे जायला धजावतो. तिथे थांबून बघतो, थोडा मागे येतो, पुन्हा पुढे जातो. हे एक प्रकारचं मोजमापच आहे, फक्त ते डोळ्याने करायच्या ऐवजी पेन्सिलने चाललेलं असतं. आणि पेनची भीती वाटते कारण हे मोजमाप पेनने केलं तर खोडता येत नाही. थरथर, केसाळपणा आणि भीती हे वरवर तीन वेगळे त्रास दिसले तरी मुळात एकच सवय आहे. रेषेचा निर्णय आधी घ्यायचा आणि ती काढताना त्यात ढवळाढवळ करायची नाही, एवढं हाताला शिकवायचं आहे.

हे किती दिवसांत जमेल ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: किती मोठं काढता, कुठल्या साधनाने काढता, टेबल सपाट आहे की उतरतं, आणि आत्तापर्यंत किती बारकाईचं काम करून हात आखडला आहे. वहीच्या पानावर फक्त डोळे-नाक काढणाऱ्याला जास्त वेळ लागतो, कारण त्याचा हात मनगटाच्या पुढे कधी हललेलाच नसतो.

म्हणून आधी बैठक. मनगट टेकवून काढलं तर पाच-सहा सेंमीपर्यंतची वळणं सहज येतात, त्यापुढे हात अडतो. कोपर टेकवून फक्त पुढचा हात फिरवला तर वीसेक सेंमीचा कंस मिळतो. त्याहून लांब रेषेसाठी खांद्यातून हलायला हवं, म्हणजे कोपर सुटं पाहिजे. 'सगळं खांद्यातूनच काढा' हा सल्ला सरसकट देतात, तो मला पटत नाही. पापणीचा केस कुणी खांद्यातून काढत नाही. रेषेची लांबी बघून सांधा निवडायचा, आणि शंका असेल तेव्हा एक सांधा वरचा घ्यायचा. खांद्यातून काढताना हात पूर्ण अधांतरी ठेवायची गरज नसते. करंगळीचं नख कागदावर हलकंसं टेकवून सरकू द्या, म्हणजे उंची स्थिर राहते. घामाने करंगळी अडकत असेल तर खाली एक कोरा कागद ठेवा.

कागद टेबलावर आडवा असला की लांबचा भाग तिरका दिसतो आणि प्रमाणं ताणली जातात. ड्रॉइंग बोर्डाची मागची कड पुस्तकं लावून १५ ते २० सेंमी उचला. उभं राहून इझलवर (चित्राच्या उभ्या स्टँडवर) काढता आलं तर फारच उत्तम, कारण तिथे मनगट टेकवायला जागाच नसते.

पकडीबद्दल दोन तपासण्या. काढत असताना दुसऱ्या हाताने पेन्सिल मागून ओढा. सहज निसटली तर पकड ठीक आहे, ओढावी लागली तर घट्ट आहे. दुसरं, कागद उलटा करून मागून बोट फिरवा. रेषांचे उंचवटे लागत असतील तर दाब जास्त आहे. पेन्सिल टोकापासून चार-पाच सेंमी मागे धरली की दाब देताच येत नाही, मग तो आपोआप कमी होतो. कागदाखाली आणखी पाच-सहा कागद ठेवले तर टोक जरा मऊ चालतं. पेन्सिल २बी किंवा ४बी घ्या. एचबीने गडद रेष हवी असेल तर दाबावं लागतं, आणि दाबलं की हात अडखळतो.

आता मुख्य सराव. साधा ए४ कागद आणि बॉलपेन घ्या. पेन्सिल मुद्दाम नको, खोडायची सोयच नको. दहा सेंमी अंतरावर दोन ठिपके द्या. पेन पहिल्या ठिपक्यावर आणा, आणि नजर दुसऱ्या ठिपक्यावर नेऊन तिथेच ठेवा. कागदाच्या दोन-तीन मिलिमीटर वर, हवेतच, पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत हात दोन-तीनदा फिरवा. हात एका लयीत आला की त्याच लयीत पेन खाली टेकवा आणि रेष काढा. एका रेषेला अर्धा ते एक सेकंद. हवेतला शेवटचा फेरा आणि कागदावरची रेष यांत थांबायचं नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. हवेत छान फिरवतात, मग थांबतात, श्वास रोखतात, पेन नीट ठिपक्यावर ठेवतात आणि जपून ओढतात. म्हणजे तालीम वेगळ्या हालचालीची झाली आणि प्रयोग वेगळ्याच हालचालीचा. उतरतं विमान धावपट्टीवर टेकतं तसं पेन कागदावर टेकावं. आधीपासून पुढे जात असतानाच ते कागदाला लागलं पाहिजे.

एका पानावर तीसेक रेषा होतात. पाच, दहा, पंधरा, वीस सेंमीच्या, सगळ्या दिशांना. सुरुवातीला दुसऱ्या ठिपक्यावर थांबायचा प्रयत्नही करू नका, रेष त्याच्या पुढे दोन सेंमी जाऊ दे. थांबायची काळजी असली की हात अर्ध्या वाटेतच वेग कमी करायला लागतो.

नेम चुकत असेल तर लक्ष्य मोठं करा. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालींवर जे काम केलं त्याचं सार असं की लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब, तितका हाताला जास्त वेळ लागतो. वीस सेंमीवरच्या बारीक ठिपक्याला गाठायचं म्हटलं की हात आपोआप मंदावतो, तुमची इच्छा असो वा नसो. म्हणून पहिल्या आठवड्यात ठिपक्याऐवजी एक सेंमीचा गोल घ्या, रेष त्यातून कुठूनही गेली तरी चालेल. रेष गुळगुळीत येऊ लागली की गोल अर्ध्या सेंमीचा करा, मग ठिपका. हा क्रम उलटवू नका. आधी ओघ, मग नेम. गुळगुळीत पण ठिपका चुकलेली रेष ही या सरावात चांगली रेष. ठिपक्यावर अचूक पोचलेली थरथरती रेष वाईट. नेम पुढे सुधारत जातो. थरथरत नेम धरायची सवय लागली तर ती मोडायला फार दिवस जातात.

पान भरलं की रेषा नीट बघा, प्रत्येक दोष काहीतरी सांगतो. सगळ्या रेषा एकाच बाजूला कमानीसारख्या वाकत असतील तर हात कोपराभोवती फिरतोय आणि रेष त्या फिरण्याचा कंस घेतेय. कोपर सरकू द्या. तरीही वाकली तर मुद्दाम उलट बाजूला किंचित वाकवायचा प्रयत्न करा, ती सरळ येईल. रेषेची फक्त सुरुवातच थरथरत असेल तर टेकवण्याआधी थांबलात. शेवटी बारीक आकडा येत असेल तर बोटांनी झटका देऊन पेन उचललंत. उचलायचं ते हाताच्या त्याच ओघात. मध्येच एक ठळक खड्डा दिसत असेल तर तिथे नजर पेनच्या टोकाकडे परतली होती. हे इतकं हमखास असतं की खड्डा बघून नजर कुठे गेली ते सांगता येतं.

दिशेचाही भाग आहे. उजव्या हाताने काढणाऱ्याला डावीकडून खालून उजवीकडे वर जाणारी रेष सर्वांत सोपी जाते, कारण पुढचा हात नैसर्गिकपणे तसाच फिरतो. डावखुऱ्याला याच्या उलट. चित्र काढताना कागद फिरवून रेष त्या दिशेला आणणं यात काहीही कमीपणा नाही. सरावाच्या पानावर मात्र कागद न फिरवता अवघड दिशाही थोड्या काढा.

सरळ रेष बसू लागली की त्याच पद्धतीने वळणं. तीन ठिपके द्या आणि तिन्हींतून एकच वळण काढा. नजर मधल्या ठिपक्यावर अडकू देऊ नका, ती शेवटच्यावर असू द्या. इंग्रजी एससारख्या दुहेरी वळणात जिथे बाक बदलतो तिथे हात थांबतो आणि कोपरा पडतो. तिथेच हवेतली तालीम जास्त करा.

लंबवर्तुळं वेगळा वेळ मागतात. कपाचं तोंड, ताटली, चाक, बाटली, मनगट, मान, सगळीकडे तीच असतात, आणि ती लटपटली की बाकी चित्र कितीही चांगलं असलं तरी वस्तू उभी राहत नाही. दोन समांतर रेषांमध्ये ती बसवा, वरखाली दोन्ही रेषांना जेमतेम स्पर्श करणारी. प्रत्येक लंबवर्तुळ न थांबता दोनदा फिरवा. एकदाच फिरवलं तर टोकं जुळवायची चिंता येते, आणि चार-पाचदा फिरवलं तर रेषांच्या गर्दीत चूक लपते. टोकं पानासारखी निमुळती होत असतील तर तिथे वळायला हात थांबतोय. बाजू सपाट होत असतील तर तुम्ही एक सलग फेरा न घेता दोन रेषा आणि दोन वळणं वेगवेगळी काढताय. दोन्हींवर इलाज एकच, पेन टेकवण्याआधी हात गोल फिरत असला पाहिजे आणि उचलल्यावरही अर्धा फेरा हवेत फिरला पाहिजे.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: लांबीप्रमाणे सांधा, सैल पकड, नजर शेवटावर, हवेत तालीम, न थांबता टेकवणं, आणि चुकलेली रेष तशीच सोडून पुढची.

आता 'मोकळं काढणं'. बरेच जण मोकळं म्हणजे भराभर आणि भरपूर रेघोट्या असं समजतात. मग कागदावर वावटळ दिसते, आत कुठेतरी माणूस. यात निर्णय केसाळ रेषेइतकेच कमी आहेत, फक्त वेग वाढला. मोकळेपणाचा अर्थ माझ्या लेखी एवढाच, की रेष जितकी लांब हवी तितकी ती एकदम जाऊ शकते, आणि ती चुकली तर काढणारा कोसळत नाही. रेषांची संख्या मोकळेपणात वाढत नाही, कमी होते.

म्हणून वेळेच्या मर्यादेपेक्षा मी रेषांच्या मर्यादेवर जास्त भर देईन. समोर कप ठेवा आणि तो दहा रेषांत काढा, मोजून. तोंडाचं लंबवर्तुळ एक, दोन बाजू, तळाचं वळण, कानाचा बाहेरचा बाक दोन रेषांत, आतला एकात, सावलीची कड एक. झाल्या आठ. दोन शिल्लक आहेत, त्या कुठे खर्च करायच्या ते बघून ठरवा. रेषा मोजून मिळाल्या की माणूस प्रत्येक रेषेआधी वस्तूकडे बघतो. केसाळपणावर याच्याइतका गुणकारी उपाय मला माहीत नाही. मग तोच कप सहा रेषांत करा. पुढे हाताचा पंजा वीस रेषांत, झोपलेलं मांजर पंधरांत.

हलत्या माणसांच्या झटपट रेखाटनांना वेळेची मर्यादा बरी. ३० सेकंदांची दहा, मग २ मिनिटांची पाच. तीस सेकंदांत सहा ते आठ रेषा होतात, त्यांचा क्रम ठरवून घ्या. पहिली रेष डोक्यापासून, ज्या पायावर भार आहे त्या पावलापर्यंत, एका फटकाऱ्यात. मग खांद्यांचा कल आणि कमरेचा कल, ते बहुतेक वेळा एकमेकांच्या उलट असतात. मग हात आणि पाय, प्रत्येकी एका-दोन रेषांत, कोपरावर आणि गुडघ्यावर न अडता. डोकं शेवटी, नुसतं अंडाकृती. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे डोक्यापासून बाह्यरेषा सुरू करणं. वेळ संपते तेव्हा डोकं आणि एक खांदा झालेला असतो, आणि माणूस कशावर उभा आहे तेच कागदावर नसतं.

कागद मोठा घ्या. ए३ चांगला, ए२ त्याहून चांगला, कोळसा असेल तर साधा न्यूजप्रिंटही चालतो. कोळशाची कांडी तोडून चारेक सेंमीचा तुकडा करा आणि आडवा धरा. बारकाई काढताच येत नाही, आणि तोच फायदा. लहान कागदावर आखडलेल्या हाताला आणखी एक उपाय आहे: साठ-सत्तर सेंमीच्या काठीच्या टोकाला कोळसा बांधा आणि भिंतीवर लावलेल्या कागदावर काढा. फ्रेंच चित्रकार आँरी मातीस यांनी उतारवयात फ्रान्समधल्या व्हाँस गावच्या चॅपेलसाठी (ते १९५१ मध्ये पूर्ण झालं) मोठ्या आकृत्या रेखाटताना लांब बांबूच्या टोकाला कोळसा लावला होता. काठीने बोटांचं बारीक नियंत्रण निघून जातं, उरतो फक्त खांदा आणि नजर. पहिली चार-पाच चित्रं हास्यास्पद येतात. त्यानंतर साधी पेन्सिल हातात घेतली की फरक लगेच जाणवतो.

वेगाबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण वरचं सगळं वाचून 'आत्मविश्वासाची रेष म्हणजे वेगवान रेष' असं वाटेल. तसं नाही. वेग हे सुरुवातीचं औषध आहे. संथ रेषही ठाम असू शकते, पण तिचा वेग एकसारखा लागतो आणि लक्ष वस्तूवर लागतं. याचा सराव असा: आपला दुसरा हात समोर धरा, कागदाकडे न बघता त्याच्या कडेवरून नजर मुंगीच्या चालीने फिरवा, आणि नजर जितकी सरकेल तितकीच पेन सरकू द्या. एका पंजाला पाच मिनिटं तरी लागावीत. प्रमाणं विचित्र येतात, बोटं निसटतात, रेष मात्र जिवंत असते. तिच्यातही कंप दिसतो, पण सुरकुती, नख, पेर यांच्या वळणांत तो मिसळून जातो. खटकतो तो अडखळणारा, पुढे-मागे करणारा वेग. झटपट रेखाटन आणि हे संथ रेखाटन एका आड एक केली तर दोन्ही सुधारतात.

खोडरबराचं काय? पहिले दोन महिने सरावाच्या वेळी तो जवळ नकोच. रबराने पेन्सिल पुसता येते ही गोष्ट १७७० च्या सुमारास युरोपात माहीत झाली. त्याआधी पावाचा गोळा वापरत, आणि शाईला तोही नसे. डच चित्रकार रेम्ब्राँच्या बोरूने (कांडी छिलून केलेल्या लेखणीने) केलेल्या रेखाटनांत हे फार स्पष्ट दिसतं. बोरूत शाई थोडीच राहते, रेष काही सेंमीत सुकत जाते, म्हणजे ती कुठून कुठे न्यायची हे बोरू टेकवण्याआधी ठरलेलं असावं लागतं. जमल्यास बोरू किंवा साधी टाकाची निब वापरून बघा, ते साधनच शिस्त लावतं.

इथे एक रास्त शंका येते: मोठ्या चित्रकारांच्या कच्च्या रेखाटनांतही एकावर एक रेषा असतातच की! असतात. लिओनार्दोचं मांजर घेतलेल्या बाळाचं आणि आईचं एक रेखाटन आहे, त्यात रेषांचं जंगल आहे, आणि त्याने कागदाच्या मागच्या बाजूला त्यातून हव्या त्या रेषा गिरवून घेतल्या. पण त्या रेषा केसाळ नाहीत. प्रत्येक रेष खांद्यापासून कोपरापर्यंतचा पूर्ण प्रस्ताव आहे: हात असा असेल, की असा? केसाळ रेषेत असा प्रस्तावच नसतो, एका प्रस्तावाचे चाळीस तुकडे असतात. म्हणून शोधक रेषा जरूर काढा, फक्त प्रत्येक रेष पूर्ण लांबीची काढा. पहिली चुकली तर तिच्या शेजारी दुसरी, पूर्ण. पहिली तशीच राहू द्या, ती दिसत असल्यामुळेच दुसरी किती सरकवायची ते कळतं.

पेन्सिलच्या चित्रावर पेनने गिरवलं की चित्र मेल्यासारखं दिसतं, तेही याच कारणाने. गिरवताना डोळा पेन्सिलच्या रेषेवर असतो, गालाच्या गोलाईवर नसतो, आणि पुन्हा त्याच बारीक दुरुस्त्या सुरू होतात. पेन्सिलने इतकं कमी काढा की गिरवायला काही उरणारच नाही: जागा, कल आणि मुख्य आकार, एचबीने अगदी पुसट. पेनची रेष त्यांवरून स्वतःची वाट काढेल. लांब रेष एका दमात जात नसेल तर ती मध्ये सोडा, एखादा मिलिमीटर जागा रिकामी ठेवा आणि पुढून नव्याने सुरू करा. फट डोळा भरून काढतो, एकावर एक चढवलेला जोड मात्र ठसठशीत दिसतो. रेष शक्यतो जिथे आकार वळतो किंवा दुसऱ्या आकारामागे जातो तिथे तोडावी.

टॅब्लेटवर काढत असाल तर दोन-तीन गोष्टी वेगळ्या. काच गुळगुळीत असल्याने स्टायलस घसरतो आणि हात तो रोखायला आखडतो, मॅट फिल्मने बराच फरक पडतो. रेष गुळगुळीत करणारं स्टॅबिलायझर सरावात बंद किंवा अगदी कमी ठेवा, नाहीतर हात शिकत नाही आणि रेष पेनच्या मागे रेंगाळत येते. पक्कं काम करताना लावलं तर हरकत नाही. झूम करून करून काढू नका, कारण मोठं करून काढलेली रेष शेवटी मनगटाचीच असते. आणि 'अनडू'ला मर्यादा घाला. एका रेषेला दोन संधी, मग जी आली ती ठेवायची.

रोज किती? अर्धा तास असेल तर पाच मिनिटं रेषा आणि लंबवर्तुळं, दहा मिनिटं झटपट रेखाटनं किंवा मोजक्या रेषांतली वस्तू, आणि उरलेली पंधरा मिनिटं तुम्हाला जे काढावंसं वाटतं ते. शेवटचा भाग कापू नका. नुसत्या रेषांची पानं भरत बसलं की आठवड्यात कंटाळा येतो आणि सगळंच सुटतं. शिवाय सरावात आलेला ओघ खऱ्या चित्रात आणायचा सरावही करावाच लागतो, तो आपोआप येत नाही. रोज पाच मिनिटं ही रविवारच्या दोन तासांपेक्षा बरी. खांदा किंवा मनगट दुखलं तर थांबा, बहुतेक वेळा पकड घट्ट झालेली असते.

प्रगती बघायला पहिलं पान तारीख टाकून ठेवून द्या आणि चार आठवड्यांनी नवं पान शेजारी ठेवा. दोन्ही पानं वरची बाजू खाली करून बघा, म्हणजे चित्र कसं झालंय याकडे लक्ष न जाता नुसत्या रेषा दिसतील. साधारण असं आढळतं की थरथर आधी जाते, नेम त्यानंतर येतो, आणि दाबावरचा ताबा, म्हणजे एकाच रेषेत जाड-बारीक करणं, सर्वांत शेवटी.

असंही होऊ शकतं की सरावाच्या पानावर रेषा स्वच्छ येतात, कपही दहा रेषांत उभा राहतो, आणि चेहरा काढायला घेतला की पुन्हा केसाळ. तेव्हा आणखी रेषांचा सराव करू नका. हात तयार आहे, नाकपुडी गालाला कुठे मिळते हेच अजून डोक्यात नाही. त्या एकाच भागाची वेगवेगळ्या बाजूंनी दहा-बारा छोटी रेखाटनं करा, समोरून, बाजूने, खालून, आणि मग त्याच चेहऱ्याकडे परत या.